महिला स्क्वॉशचे वार्षिक पुरस्कार: मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२५मध्ये बॉम्बे जिमखान्यावर अनाहत सिंगने इंडियन ओपन जिंकली. त्यानंतर, ज्यांनी स्क्वॉशचं कोर्ट आतून कधी पाहिलं नव्हतं असे आईवडील, आजोबा, शाळेतले पीटीचे सर या खेळाबद्दल विचारू लागले. बोलणं हमखास पुरस्कारांवर येतं. वर्षाची सर्वोत्तम खेळाडू कोण, ती ठरते कशी, आपल्या मुलींचा नंबर कधी लागणार? ती सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुरस्कार कुणाला मिळाला यापेक्षा तो कोणत्या खेळासाठी मिळाला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. उत्तरांतही तोच कल दिसेल.

हे पुरस्कार देतं कोण? सरकार, की जागतिक महासंघ?

दोघेही नाहीत. व्यावसायिक खेळाडूंची संघटनाच ते देते. महिलांनी १९८०च्या दशकात स्वतःची वेगळी संघटना उभी केली. विमेन्स इंटरनॅशनल स्क्वॉश प्लेअर्स असोसिएशन हे तिचं नाव, बोलण्यात 'विस्पा'. पुढे तिचं नाव बदलून विमेन्स स्क्वॉश असोसिएशन झालं आणि १ जानेवारी २०१५ रोजी ती पुरुषांच्या पीएसएमध्ये, म्हणजे प्रोफेशनल स्क्वॉश असोसिएशनमध्ये विलीन झाली. त्यामुळे जुन्या बातम्यांत 'विस्पा पुरस्कार', मधल्या काळात 'डब्ल्यूएसए' आणि आता 'पीएसए' अशी तीन नावं दिसतात. परंपरा एकच आहे.

जागतिक महासंघ वेगळा. खेळाचे नियम, ज्युनियर जागतिक स्पर्धा, सांघिक जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिकचा व्यवहार त्याच्याकडे.

कोणकोणते पुरस्कार असतात?

मुख्य मान सर्वोत्तम खेळाडूचा. त्याच्या जोडीला सर्वोत्तम तरुण खेळाडू. खेळाडूवृत्तीचा गौरवही झालेला आहे. याशिवाय महिन्याची सर्वोत्तम खेळाडू निवडली जाते आणि त्यासाठी चाहत्यांचं ऑनलाइन मतदान घेतलं गेलं आहे. नावं आणि विभाग अधूनमधून बदलतात, पण पहिले दोन कायम महत्त्वाचे राहिले आहेत.

जागतिक क्रमवारीत जी पहिली, तीच वर्षाची सर्वोत्तम ना? मग वेगळा पुरस्कार कशाला?

बऱ्याचदा तीच असते, पण तीच असली पाहिजे असं काही नाही.

क्रमवारी हा निव्वळ हिशोब आहे. मागच्या वर्षभरात तुम्ही कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत कितव्या फेरीपर्यंत पोचलात, त्याचे गुण मिळतात. व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, म्हणजे टूरवर, डायमंड, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, कॉपर अशा पायऱ्या आहेत. बॉम्बे जिमखान्यावरची ती इंडियन ओपन कॉपर दर्जाची होती. पूर्वी क्रमवारी महिन्याला लागायची, आता आठवड्याला लागते.

या हिशोबाला एक मोठी मर्यादा आहे. गुण फेरीचे मिळतात, समोर कोण होती याचे मिळत नाहीत. उपांत्यपूर्व फेरीत तुम्ही जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवा किंवा पात्रता फेरीतून आलेल्या नवख्या मुलीला, आकडा सारखाच. ती मॅच दोन गेम मागे पडून काढली, की वीस मिनिटांत संपवली, हेही त्या आकड्यात कुठे उमटत नाही. दुखापतीमुळे चार महिने बाहेर बसून परत आलेली मुलगी हंगामातल्या दोन सगळ्यात मोठ्या स्पर्धा जिंकते, तरी क्रमवारीत तिसरी राहू शकते. अशा वेळी माणसांनी खेळ पाहून केलेली निवड कामाला येते, आणि म्हणूनच मला ती हवी वाटते.

जागतिक विजेतेपद, ब्रिटिश ओपन आणि हा पुरस्कार, यांत मोठं काय?

खेळाडूंना विचाराल तर जागतिक विजेतेपद. ब्रिटिश ओपनचा मान तिच्या वयाचा आणि इतिहासाचा आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९७६मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झाली. त्याआधीची कित्येक दशकं ब्रिटिश ओपन जिंकणं म्हणजेच जग जिंकणं होतं. वार्षिक पुरस्कार या दोन्हींच्या जागी येत नाही. एका आठवड्याच्या स्पर्धेत जे दिसत नाही, ते सबंध हंगामाचं सातत्य त्यात मोजलं जातं.

निकोल डेव्हिडलाच वर्षानुवर्षं पुरस्कार मिळत होता म्हणतात. एवढं काय होतं तिच्यात?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

निकोल मलेशियातल्या पेनांगची, जन्म १९८३चा. १९९९ आणि २००१ अशा दोन ज्युनियर जागतिक स्पर्धा तिने जिंकल्या. मोठ्यांच्या टूरवर आल्यावर हारही पचवावी लागली. मग ती घर सोडून ॲमस्टरडॅमला गेली आणि ऑस्ट्रेलियाची माजी खेळाडू लिझ आयर्विंगकडे शिकू लागली. २००५मध्ये हाँगकाँगला पहिलं जागतिक विजेतेपद आलं. त्यानंतर २००६, २००८, २००९, २०१०, २०११, २०१२ आणि २०१४, अशी एकूण आठ. ऑगस्ट २००६पासून सलग नऊ वर्षं ती जगात पहिली होती. त्या काळात वर्षाची सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचंच नाव पुन्हा पुन्हा येत गेलं, यात आश्चर्य नाही.

तिचा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही फक्त पळते. उंची बेताची, फटक्यात धडकी भरवणारा जोर नाही. पण ती कुठे उभी आहे ते पाहा. प्रत्येक फटक्यानंतर दोन-तीन पावलांत ती टीवर परत आलेली असते, म्हणजे कोर्टाच्या मधोमध रेषा जिथे मिळतात तिथे. समोरचीने कितीही चांगला ड्रॉप, म्हणजे समोरच्या भिंतीलगत हळूच सोडलेला फटका, टाकला तरी निकोल चेंडूखाली रॅकेट घालते आणि त्याला पुन्हा मागच्या कोपऱ्यात पाठवते. आता समोरचीला आणखी एक फटका मारावा लागतो, मग आणखी एक. विसाव्या फटक्याला दम लागतो आणि चेंडू टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्यावर, आदळतो. तो पत्र्याचा आवाज म्हणजे पॉइंट गेला.

डिसेंबर २०१४मध्ये कैरोला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर इजिप्तची रनीम एल वेलिली, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. चौथ्या गेममध्ये रनीम १०-६ने पुढे होती, हातात चार मॅच पॉइंट. रनीमच्या मनगटातली कलाकुसर त्या काळात कुणाकडेच नव्हती. कोणत्याही क्षणी चेंडू भिंत आणि जमिनीच्या सांध्यात, ज्याला आपण निक म्हणतो, तिथे बसवून ती सामना संपवू शकत होती. निकोलने धोका पत्करून मारामारी केली नाही. लांबी, म्हणजे चेंडू मागच्या भिंतीपर्यंत खोल मारणं, सोडली नाही, भिंतीलगतचे फटके सोडले नाहीत, एकेक रॅली लांबवत नेली. १४-१२ने तो गेम घेतला, मग पाचवाही जिंकला आणि आठवं विजेतेपद मिळवलं. कुणाला सातत्य म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल, तर मी हाच गेम पाहायला सांगते.

२०१९मध्ये ती निवृत्त झाली. २०२१मध्ये वर्ल्ड गेम्सच्या, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या स्पर्धेच्या, इतिहासातली सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून जगभरच्या मतदानातून तिची निवड झाली.

तिच्या आधीच्या खेळाडूंचं काय? त्यांना कोणी पुरस्कार दिले?

अनेकींच्या वेळी अशी पुरस्कारांची सोयच नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या हीदर मॅकेने १९६२ ते १९७७ अशी सलग १६ वर्षं ब्रिटिश ओपन जिंकली. सगळ्या कारकिर्दीत ती फक्त दोन सामने हरली, तेही अगदी सुरुवातीला. न्यूझीलंडच्या सुसान डेव्हॉयने १९८५ ते १९९२ या काळात चार जागतिक विजेतेपदं घेतली, ऑस्ट्रेलियाच्या मिशेल मार्टिनने तीन आणि सेरा फिट्झ-जेराल्डने पाच. वार्षिक पुरस्कारांच्या यादीवरून 'सर्वकालीन श्रेष्ठ' ठरवायला निघाल तर हीदर मॅके हे नावच गळून पडेल. म्हणून तसं करू नये.

जुन्या आणि आजच्या खेळाडूंची तुलना करता येते का?

करता येते, पण तीन बदल ध्यानात ठेवून.

पहिला गुणपद्धतीचा. पूर्वी गेम ९ गुणांचा असायचा आणि सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा. महिलांच्या टूरने २००८मध्ये ११ गुणांची पद्धत घेतली, ज्यात प्रत्येक रॅलीला गुण असतो. आता मागे पडल्यावर नुसतं धरून ठेवण्याने भागत नाही.

दुसरा बदल बाहेरच्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. समोरच्या भिंतीच्या तळाशी जी पत्र्याची पट्टी असते, ती टिन. पुरुषांसाठी ती १७ इंच उंच आणि महिलांसाठी १९ इंच होती. सप्टेंबर २०१५पासून महिलांच्या टूरवरही १७ इंच झाली. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण टिन खाली आली की ड्रॉप आणखी खाली मारता येतो, निकला चेंडू बसवण्याची संधी वाढते, आणि सगळं काही उचलून परत पाठवणाऱ्या खेळाडूला पुढच्या कोपऱ्यात आणखी वाकून धावावं लागतं. आक्रमक हातांच्या मुलींचं राज्य आलं त्यात या दोन इंचांचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. योगायोग असा की रनीम एल वेलिलीने निकोलला पहिल्या क्रमांकावरून हटवलं तेही सप्टेंबर २०१५मध्येच.

तिसरा बदल पैशाचा. त्याकडे पुढे येतेच.

आता यादीत सगळी नावं इजिप्तचीच का दिसतात?

रनीम एल वेलिली, नूर एल शेरबिनी, नूरान गोहर, हानिया एल हमामी आणि आता अमिना ओर्फी. खरंच, एकाच देशाची रांग आहे.

यामागे चमत्कार कसलाच नाही. कैरो आणि अलेक्झांड्रियातल्या मोठ्या क्लबांमध्ये कोर्टं भरपूर आहेत, आणि महत्त्वाचं म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुली त्याच कोर्टांवर जगज्जेत्यांच्या शेजारी सराव करतात. १९९६मध्ये गिझाच्या पिरॅमिडांसमोर काचेचं कोर्ट उभारून स्पर्धा झाली आणि तिथला खेळाडू अहमद बरादा देशाचा हिरो झाला. २००३मध्ये अम्र शबाना इजिप्तचा पहिला जगज्जेता ठरला. मुलींमध्ये ओम्निया अब्देल कावीने वाट पाडली. २०१०च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती निकोलकडून हरली, पण मागून येणाऱ्यांना तिथवर पोचता येतं हे दिसलं.

नूर एल शेरबिनीचं उदाहरण घ्या. २०१६च्या एप्रिलमध्ये क्वालालंपूरला ती इंग्लंडच्या लॉरा मसारोविरुद्ध दोन गेम मागे होती. तिथून तिने तीन गेम काढले आणि विशीत जगज्जेती झाली. मे २०२५मध्ये शिकागोला आठवं विजेतेपद घेऊन तिने निकोलशी बरोबरी केली. मधलं एक, २०२४चं, नूरान गोहरने कैरोत तिलाच हरवून घेतलं. एकमेकींना दर महिन्याला भिडणाऱ्या मुली एकमेकींना वर खेचतात. क्रमवारीत पहिली असतानाच जून २०२०मध्ये रनीम निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात पहिल्या क्रमांकावर गोहर आली. जागा रिकामी राहिलीच नाही.

तरुण खेळाडूचा पुरस्कार गंभीरपणे घ्यावा का? लहानपणी चमकलेल्या मुली पुढे दिसत नाहीत.

स्क्वॉशमध्ये घ्यावा. या खेळात ज्युनियर यश बऱ्यापैकी पुढे टिकलेलं आहे. निकोल आणि रनीम दोघींनी ज्युनियर जागतिक स्पर्धा दोन-दोनदा जिंकली होती. नूर एल शेरबिनीने तर २००९मध्ये, तेही आपल्या चेन्नईत, अवघ्या १३व्या वर्षी ती जिंकली. १९ वर्षांखालच्या मुलींमध्ये खेळणारी ती १३ वर्षांची पोर तेव्हा तिथे ज्यांनी पाहिली, त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नसेल. अमिना ओर्फी २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं ज्युनियर जगज्जेती होती.

म्हणून भारतीय वाचकाने मुख्य पुरस्काराआधी तरुण खेळाडूच्या नावांकडे पाहावं. आपली मुलगी पहिल्यांदा दिसेल ती तिथेच.

मग भारतीय मुली कुठे आहेत?

वाटतं त्यापेक्षा बऱ्याच पुढे.

अलवारच्या भुवनेश्वरी कुमारींनी १९७७ ते १९९२ सलग १६ वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. हा विक्रम २०१९मध्ये जोश्ना चिनप्पाने मोडला, आणि तोही महाराष्ट्रात, पुण्यात. जोश्ना २०१६मध्ये जगात दहावी होती. एप्रिल २०१८मध्ये इजिप्तमधल्या एल गुनाला तिने निकोल डेव्हिडला हरवलं. ज्यांना वाटतं की मोठ्या खेळाडू आपल्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांना मी हा निकाल सांगते.

दीपिका पल्लीकल जगातल्या पहिल्या दहांत पोचलेली पहिली भारतीय महिला. ते वर्ष होतं २०१२. दोघींनी मिळून २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. राष्ट्रकुलमध्ये स्क्वॉशचं भारताचं ते पहिलं पदक. जुळ्या मुलांच्या जन्मानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २०२२मध्ये, दीपिका कोर्टवर परतली आणि ग्लासगोलाच जागतिक दुहेरी स्पर्धेत दोन सुवर्णं घेऊन आली. एक जोश्नाबरोबर, दुसरं सौरव घोषालबरोबर मिश्र दुहेरीत. वार्षिक पुरस्कार एकेरीच्या टूरभोवती फिरतात, त्यामुळे असं पुनरागमन त्या यादीत कुठे बसत नाही. मला ते लागतं.

आणि अनाहत. दिल्लीची, २००८चा जन्म. १४व्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली. २०२५मध्ये कैरोला ज्युनियर जागतिक स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन्नईत भारताने स्क्वॉशचा विश्वचषक जिंकला, त्या संघात जोश्ना आणि अनाहत दोघी होत्या. दोघींच्या वयात वीसेक वर्षांचं अंतर आहे.

अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, शिवछत्रपती पुरस्कार आणि पीएसएचा पुरस्कार यांत फरक काय?

अर्जुन आणि पद्मश्री हे भारत सरकारचे, शिवछत्रपती पुरस्कार महाराष्ट्र शासनाचा. सरकारी पुरस्कारांत देशासाठी किंवा राज्यासाठी केलेली कामगिरी पाहिली जाते, त्यामुळे आशियाई आणि राष्ट्रकुल पदकांना वजन असतं. दीपिकाला अर्जुन २०१२मध्ये आणि पद्मश्री २०१४मध्ये मिळाली. जोश्नाला २०१३ आणि २०२४मध्ये. पीएसए पाहते ती व्यावसायिक टूरवरची कामगिरी. तिथे पासपोर्ट कोणता हा प्रश्न नसतो.

महिलांना पुरुषांइतके पैसे मिळतात का?

मोठ्या स्पर्धांत आता हो. पण ते मागून घ्यावं लागलं. २०१३मध्ये अमेरिकेच्या यूएस ओपनने दोन्ही गटांना सारखं बक्षीस दिलं, मोठ्या स्पर्धांमध्ये ती सुरुवात होती. २०१९मध्ये शिकागोत झालेल्या जागतिक स्पर्धेचं एकूण बक्षीस दहा लाख डॉलर होतं, निम्मं महिलांना आणि निम्मं पुरुषांना.

भारतात हा लढा दीपिकाने एकटीने लढला म्हटलं तरी चालेल. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांना पुरुषांपेक्षा कमी बक्षीस मिळतं म्हणून कित्येक वर्षं ती खेळलीच नाही. रक्कम सारखी झाल्यावर २०१६मध्ये ती परतली. विजेतेपदांची संख्या वाढवायच्या वयात तिने ती वर्षं सोडली, याची किंमत समजून घ्या. आज बारा वर्षांची मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत उतरते तेव्हा तिला हा भेद माहीतच नसतो, आणि ते दीपिकामुळे.

मुंबईत मुलीला स्क्वॉश शिकवायचं तर कुठे?

बॉम्बे जिमखाना, सीसीआय, विलिंग्डन, वरळीचं एनएससीआय, वांद्र्याचं ऑटर्स, खार जिमखाना, ही शहरातली जुनी ठिकाणं. अडचण उघड आहे. चांगली कोर्टं बहुतेक सभासदांच्या क्लबांत आहेत, आणि दादर-लालबागपासून डोंबिवलीपर्यंतच्या शेकडो हुशार मुली त्या दारापर्यंतही जात नाहीत. इजिप्तचेही क्लबच आहेत, पण तिथे खेळणाऱ्या मुलांसाठी वाट बरीच रुंद आहे. मुंबईने निदान दुपारची रिकामी कोर्टं शाळांना उघडी केली तरी चित्र बदलेल. तोवर तुम्ही एवढं करा: क्लबमध्ये सभासद नसलेल्यांसाठी प्रशिक्षणाची बॅच आहे का ते थेट विचारा, काही ठिकाणी असते. राज्य संघटनेच्या ज्युनियर स्पर्धांची माहिती ठेवा आणि एकदा नुसतं पाहायला तरी जा.

सामानाचं थोडक्यात. जमिनीवर डाग न पाडणारे बूट. डोळ्यांचा गॉगल सक्तीने, यात तडजोड नको. नव्या मुलीला दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू देऊ नका, तो व्यावसायिकांचा. तापेपर्यंत तो उसळतच नाही आणि मूल कंटाळतं. निळ्या किंवा लाल ठिपक्याच्या चेंडूने सुरुवात करा. आणि जून ते सप्टेंबर सांभाळा. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंतींना ओल सुटते, चेंडू भिंतीवरून घसरतो, लाकडी जमीन निसरडी होते. भिंतीला हात लावून पाहा. तळवा ओला झाला तर त्या दिवशी खेळ बंद ठेवून फूटवर्क करून घ्या.

सामने मुंबईतून पाहायचे कसे?

पीएसएच्या स्क्वॉशटीव्हीवर. वेळेचं गणित सोपं आहे. मे महिन्यात शिकागोत संध्याकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५.३०. कैरोत रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे १०.३०. मुलांना पहिल्यांदा दाखवताना चेंडूकडे बघू नका म्हणून सांगा. एक पूर्ण गेम एकाच खेळाडूच्या पायांकडे बघायचं. दुसऱ्या गेममध्ये दुसरीच्या.

ऑलिंपिकमुळे या पुरस्कारांचं महत्त्व कमी होईल का?

स्क्वॉशला ऑलिंपिकचं दार उघडलं ते आपल्याच शहरात. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने लॉस एंजेलिस २०२८साठी स्क्वॉशला मान्यता दिली, क्रिकेटबरोबरच. कित्येक वर्षं नकार ऐकलेल्या या खेळासाठी तो दिवस फार मोठा होता. निकोल डेव्हिडने या मागणीसाठी आपली सगळी पत खर्ची घातली होती आणि तिला स्वतःला मात्र ऑलिंपिक कधीच खेळायला मिळालं नाही.

महत्त्व कमी होणार नाही असं मला वाटतं. पदक चार वर्षांतून एकदा, तेही मोजक्या खेळाडूंना. मधल्या हंगामांची नोंद ठेवायला टूर आणि तिचे पुरस्कारच राहतील. पात्रतेच्या शर्यतीमुळे त्या हंगामांची चुरस मात्र वाढेल.

वेगवेगळ्या याद्यांमध्ये वर्षं जुळत नाहीत. खरं काय मानायचं?

याची कारणं दोन. एक, जुन्या काळात पुरस्कार कॅलेंडर वर्षाचा असे, आता हंगामाचा असतो. हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात संपतो. दोन, काही जागतिक स्पर्धा पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या. २०१३ची स्पर्धा मार्च २०१४मध्ये पेनांगला झाली आणि लॉरा मसारोने जिंकली. २०१५ची एप्रिल २०१६मध्ये क्वालालंपूरला झाली, तीच नूर एल शेरबिनीची पहिली. शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा प्रश्नमंजूषेसाठी यादी करत असाल, तर स्पर्धेचं वर्ष आणि प्रत्यक्ष खेळल्याची तारीख असे दोन रकाने ठेवा.